वासुदेव प्याला आणि खुळखुळ्या पायांचा वाडगा

वासुदेव प्याला मातीत करता येईल का, हा प्रश्न आमच्या पॉटरीच्या बॅचमधे काकांनी काढला आणि तिथून पुढे आमच्या शेल्फवर सरळ साधे मग दिसायचे कमी झाले. काका विमा कंपनीतून रिटायर झालेले. भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आमचा स्टुडिओ आहे तिथे ते शनिवार-रविवार येतात, बाकी बॅचमधे शाळेतल्या एक बाई, आयटीतली एक मुलगी, एक डेंटिस्ट (त्याची जुनी अवजारं माती कोरायला इतकी छान आहेत की आता सगळ्यांकडे एकेक आहे), मी, आणि येऊन-जाऊन असणारे काही जण. पोटापाण्यासाठी कुणीच हे करत नाही, सगळे हौशी, आणि सगळे पहिल्या वर्षात वाट्या, मग, पणत्या, छोट्या कुंड्या करून मोकळे झालेले.

वासुदेव प्याला ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पितळेचा पेला असतो, मधोमध वासुदेव (म्हणजे कृष्णाचे वडील वसुदेव) उभा आणि त्याच्याजवळ बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत जायचं, पाणी चढत चढत कृष्णाच्या पायाला लागलं की बुडातून सगळं वाहून जातं, शेवटच्या थेंबापर्यंत जवळजवळ. यमुनेला पूर आला, बाळाचा पाय लागला आणि ती ओसरली, ती सगळी गोष्ट एका पेल्यात. आमच्या शाळेत सायफन शिकवताना सरांनी हाच आणला होता आणि त्या दिवशी वर्गातला प्रत्येक जण पाणी ओतायला पुढे आला होता. ग्रीसमधे सामोस बेटावर असाच मातीचा पेला पायथागोरसच्या नावाने टुरिस्ट लोकांना विकतात, तिथे मधे नुसता खांब असतो आणि गोष्ट अशी सांगतात की हावरटासारखी जास्त दारू ओतून घेतली की सगळीच जाते. यंत्र तेच, पण मला आपली गोष्ट जास्त आवडते, कारण तिच्यात शिक्षा नाहीये, पाय लागण्यात आनंद आहे.

आता हे मातीत करायचं म्हणजे काय ते बघा. पितळेच्या पेल्यात वाकवलेली नळी बसवता येते, पण मातीची उलट्या यू आकाराची नळी वाकवायला गेलं की वाकणाच्या बाहेरच्या बाजूला चिरा पडतात आणि आतल्या बाजूला ती चेपते. म्हणून आमच्या शिकवणाऱ्या ताईंनी दुसरा मार्ग सांगितला. पेल्याच्या तळाला भोक, त्यात सरळ उभी नळी, वरचं तोंड उघडं, आणि त्या नळीवर पोकळ वासुदेव पालथा बसवायचा, त्याच्या पायाशी, अगदी तळाला, एक छोटी खिडकी. पाणी खिडकीतून वासुदेवाच्या पोटात शिरतं, बाहेर जितकं चढेल तितकंच आतही चढतं, आणि आतल्या नळीच्या तोंडावरून एकदा सांडायला लागलं की मागचं सगळं पाणी ओढत नेतं. कृष्णाचा पाय नळीच्या तोंडापेक्षा किंचित वर ठेवायचा, बस्स.

बस्स म्हणायला सोपं आहे. नळी रुंद झाली तर पाणी तिच्या कडेवरून नुसतं झिरपत राहतं, ओतू तेवढं खाली जातं आणि पेला काही रिकामा होत नाही, कारण नळी पूर्ण भरून वाहिली तरच ओढ तयार होते. अरुंद केली तर ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, वितळून आत उतरतं आणि थंड झाल्यावर काचेचं बूच बसतं. वासुदेवाच्या डोक्याला किंवा खांद्याला केसाएवढी चीर गेली तरी आत हवा शिरते आणि ओढ तुटते, म्हणजे दिसायला अख्खा पेला, काम शून्य. त्यात आमची स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची घट्ट) माती ओल्यापासून पूर्ण भाजेपर्यंत साधारण १२ टक्के आटते, म्हणजे १० सेंटिमीटरची नळी शेवटी ८.८ सेंटिमीटर होते, काकांनी आधी याचीच फार धास्ती घेतली होती. पण पेला, नळी आणि मूर्ती एकाच मातीची असली, तितकीच ओली असताना जोडली, तर सगळंच त्याच प्रमाणात आटतं आणि पायाची नि नळीची उंची एकमेकांना धरून राहते. हे काकांनी कागदावर गणित मांडून आम्हाला पटवलं, आयुष्यभर प्रीमियमचे तक्ते केलेला माणूस, त्यांचा चेहरा असा खुलला होता!

जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे मारायचे, पातळ केलेली माती लावायची, दाबायचं, वरून बारीक वळी फिरवून सांधा मुजवायचा. मग प्लॅस्टिक घालून हळू सुकवायचं. पहिली भाजणी साधारण १००० अंशांना, मग ग्लेझ, मग आमच्या इलेक्ट्रिक भट्टीत १२२० च्या आसपास दुसरी. वासुदेवाच्या आतल्या बाजूला आणि नळीला ग्लेझ लावायचं नाही, तिथे आधी मेण लावून ठेवायचं म्हणजे ग्लेझ धरत नाही. काकांचे बरेच पेले यातल्या कुठल्या ना कुठल्या पायरीला गेले आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो पेला हॅकसॉनं उभा कापून आत काय झालं ते पाहिलं. हे कापलेले पेले अजून खिडकीत मांडलेत, नवीन येणाऱ्यांना ताई तेच दाखवतात आधी.

आणि मग एक चालला. पाणी पायाला लागलं आणि गेलं. आम्ही सगळे ओरडलो वगैरे, पण मला जे लक्षात राहिलंय ते त्याच्या पुढचं. काकांना आमच्या ओरडण्याने समाधान झालं नाही. आम्हाला आत काय आहे ते माहीत होतं ना. ते पेला घेऊन खाली इस्टेटीच्या वॉचमनकडे गेले, त्याच्या बाटलीतलं पाणी त्याच्याच हातानं ओतायला लावलं, आणि त्याच्या पायावर पाणी पडल्यावर तो जो काही हसला त्यानंतर काका वर आले आणि म्हणाले, "आता झाला पेला."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घट्ट बसलंय की गमतीचं भांडं दुसऱ्या माणसाशिवाय पूर्णच होत नाही. साधी वाटी एकट्या माणसाची असू शकते, आपण करावी, आपण आमटी प्यावी. पण जे भांडं काहीतरी करतं, वाजतं, फसवतं, रिकामं होतं, त्याला अजाण हात लागतो, ज्याला माहीत नाही असा. करणारा महिनाभर आधी त्या हाताची कल्पना करत असतो, तो कुठे धरेल, किती ओतेल, कधी दचकेल. इतका वेळ आपण दुसऱ्या माणसाचा विचार एरवी कधी करतो, सांगा बरं.

२०२० च्या दिवाळीच्या सुमाराला छत्तीसगडमधल्या कोंडागावच्या अशोक चक्रधारींची पणती खूप फिरली होती मोबाइलवर, आठवत असेल. पणतीवर मातीचा घुमट, त्यात तेल भरायचं आणि उलटा बसवायचा, पणतीतलं तेल जळून खाली गेलं की घुमटातून आपोआप थोडं उतरतं आणि पातळी झाली की थांबतं. तेल तोंडापाशी असेपर्यंत वर हवा जात नाही आणि हवा गेल्याशिवाय तेल उतरत नाही, इतकंच. पण रात्री मधेच उठून तेल घालणाऱ्या बाईचा विचार केल्याशिवाय अशी पणती सुचणार नाही असं मला फार वाटतं. आणि हे कुठल्या डिझाइन कॉलेजातून आलेलं नाही, एका गावातल्या कुंभाराच्या हातातून आलंय. आमच्या बॅचमधे प्रत्येकानं ती करून पाहिली. घुमटाचं तोंड आणि पणतीची कड यांच्या उंचीत थोडा जरी फरक पडला तरी एक तर तेल येतच नाही किंवा टेबलभर होतं, ती उंची त्या माणसाच्या बोटांना माहीत आहे.

मी स्वतः खुळखुळ्याच्या मागे लागलेय. वाडग्याला तीन पोकळ पाय आणि पायांत मातीच्या गोळ्या, वाडगा उचलला की वाजतो. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या तिपाई वाडग्यांचे पाय असेच पोकळ नि वाजणारे असायचे, मी फोटोत पाहिले आणि मला झोप लागेना. युक्ती अशी की गोळ्या आधी पूर्ण सुकवायच्या, प्रत्येक गोळी टिश्यू पेपरात गुंडाळायची म्हणजे ती पायाच्या ओल्या भिंतीला चिकटत नाही, कागद भट्टीत जळून जातो आणि गोळी मोकळी होते. प्रत्येक पायाला एक बारीक भोक ठेवायचंच ठेवायचं. बरेच जण सांगतात की आत हवा कोंडली म्हणून भांडं भट्टीत फुटतं, पण मारतं ते पाणी, भिंतीत राहिलेला ओलावा १०० अंशांच्या पुढे वाफ होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. मुंबईत जून ते सप्टेंबर हा ओलावा काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको, स्टुडिओत कपडा वाळत नाही तिथे जाड सांध्याची माती कधी वाळणार, वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि गालाला लावली की गार. गार लागली म्हणजे अजून पाणी आहे. म्हणून पावसाळ्यात ताई भट्टी कितीतरी तास १०० च्या खालीच ठेवतात, बिल वाढतं, पण पोकळ कामं वाचतात. खरं तर पावसाळा हा वेड्यावाकड्या कामांना बराच चांगला सीझन आहे असं माझं मत झालंय, माती घाईच करू देत नाही, आज जोडलेला पाय चार दिवसांनी पण हलवता येतो, ऑक्टोबर हीटमधे दुपारच्या चहापर्यंत सगळं कडक.

तर हा वाडगा मी आईला दिला. आईनं त्यात खारे शेंगदाणे ठेवले आणि टीव्हीच्या शेजारी ठेवला. आता आतल्या खोलीतून तिला कळतं कुणी शेंगदाण्यांना हात घातला ते, आणि आवाजाच्या लकबीवरून कोण आहे तेही सांगते, बाबा हळूच उचलतात, माझा मुलगा ओढतो. मी करताना यातलं काहीच ठरवलं नव्हतं.

दुसरा एक वाडगा भांडुपहून दादरला आणताना दुपारच्या स्लो लोकलला लेडीज डब्यात होते, जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, गाडी हलली की आतून खुळखुळ. शेजारची बाई बघायला लागली, मग समोरची, मग वाडग्याची गुंडाळी सोडावीच लागली. वाडगा हातोहात फिरला. क्लिपा-कानातले विकणारी एक ताई आली तिनंही घेतला, कानाशी हलवला, पायाच्या भोकात डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, "आत घातलं कसं?" बाकी सगळ्यांनी विचारलं होतं केवढ्याला. मी कागदाची युक्ती सांगितली तर म्हणाली "जळाला की सुटला," एकदम बरोबर, आणि कांजूरला उतरून पुढच्या डब्यात गेली. कुठल्याही प्रदर्शनात मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारलेला नाही.

आयटीतली मुलगी शिट्ट्यांवर आहे. मगच्या कानाच्या आत शिट्टी, दूध संपलं की मुलानं फुंकायची, ही तिची कल्पना, तिच्या भाच्यासाठी. शिट्टी म्हणजे हवेचा पातळ पट्टा एका धारेवर जाऊन आपटला पाहिजे आणि अर्धा आत, अर्धा बाहेर फुटला पाहिजे, मागे पोकळी. ती धार माती लेदर हार्ड असताना, म्हणजे वाकणार नाही पण सुरी चालेल इतपत सुकल्यावर कापायची, डेंटिस्टची अवजारं इथेच कामाला येतात. भाजल्यावर पोकळी आटते आणि आवाज थोडा चढतो. जत्रेत आपण मातीचे पक्षी विकत घ्यायचो, शेपटीतून फुंकायचे, ते करणाऱ्यांचा हात हे सगळं न मोजता करतो. आणि पेरूमधे तर दोन हजार वर्षांपूर्वी जोडभांडी करायचे, दोन पोटं मधे नळीनं जोडलेली, एकात पाणी, भांडं तिरकं केलं की पाणी दुसरीकडे धावतं आणि तिथली हवा शिट्टीतून बाहेर ढकलतं, कुणी न फुंकता भांडं बोलतं! ती आता याच्या मागे आहे. मला खात्री आहे ती करणार.

शाळेतल्या बाई मात्र टीपॉटच्या पलीकडे जात नाहीत आणि त्यांचं म्हणणं असं की वेडेपणा करायला टीपॉटएवढी जागा कशातच नाही. बसलेला टीपॉट, आळस देणारा टीपॉट, एका पायावर उभा. पण त्यांचा नियम कडक आहे, चहा न सांडता ओतला गेलाच पाहिजे. तोटीचं टोक भांड्याच्या काठाच्या खाली गेलं तर भरतानाच तोटीतून चहा बाहेर येतो, म्हणून शरीर कितीही मोडलं तरी ते टोक वर हवं. चाकावर ओढलेली तोटी भट्टीत पुन्हा थोडी पिळवटते, चाकावर बसलेला पीळ मातीत राहिलेला असतो आणि तो तापल्यावर सुटतो, म्हणून तिचं टोक मुद्दाम थोडं तिरकं कापायचं म्हणजे भाजून आल्यावर ते सरळ होतं. बाई हे अंतर डोळ्यानं कापतात. आणि मग स्टुडिओत सगळ्यांना चहा त्यातूनच, पाहुणा असेल त्याला आधी.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट बोलायचीच आहे. सध्या मगला डोळे चिकटवायचे, ओठ चिकटवायचे, दोन कान लावले की मांजर, फोटो काढला की झालं, असं खूप चाललंय, आणि ते करणाऱ्यांना मजा येते हे मला दिसतं, मी त्यांची मजा काढून घेणार नाही. पण मला त्यात मन रमत नाही. डोळे काढले तर खाली तोच मग असतो. चेहराच नको असं नाही हं. लंडनच्या मार्टिन ब्रदर्सनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पक्ष्यांच्या आकाराच्या बरण्या केल्या, पक्ष्याचं डोकं म्हणजेच झाकण, ते काढून आत तंबाखू ठेवायचा, आणि प्रत्येक पक्ष्याचा स्वभाव वेगळा, कुणी खडूस, कुणी आतल्या गाठीचा. तिथे चेहरा हे भांड्याचंच काम आहे. बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट, २०२० साली गेल्या त्या, त्यांच्या मांजरी बघा, डोळे-मिशांवर भरच नाही, अंग असं आवरून बसलेलं असतं की पाठीवरूनच कळतं मांजर आहे. वरून लावलेली गंमत एकदा बघून संपते. आतून आलेली गंमत प्रत्येक नव्या माणसाबरोबर परत सुरू होते, माझ्या आईच्या शेंगदाण्यांचं उदाहरण दिलंच.

याच कारणासाठी मला जॉर्ज ओरची गोष्ट फार लागते. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी गावचा कुंभार, १८५७ चा जन्म, म्हणजे आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं त्याच वर्षीचा. अतिशय पातळ भांडी चाकावर ओढायचा आणि मग ती ओली असताना चिमटायचा, मुरगळायचा, दुमडायचा, दोन भांडी एकसारखी नाहीत असं अभिमानाने सांगायचा. १८९४ मधे आगीत त्याचं वर्कशॉप जळालं तर जळालेली भांडी त्यानं टाकली नाहीत, ती आपली भाजलेली बाळं म्हणून ठेवून दिली. लोक बघायला यायचे, हसायचे, फारसं कुणी घ्यायचं नाही. १९१८ ला तो गेला. हजारो भांडी कुटुंबाकडे पडून राहिली आणि १९७० च्या आसपास एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं ती सगळी उचलली, तेव्हा कुठे त्याचं नाव झालं, आता म्युझियममधे आहेत. सगळे शेवट गोड झालं म्हणून सांगतात. मला मधली पन्नास वर्षं दिसतात. कुणाच्या हातात जायला केलेली हजारो भांडी आणि एकही हात नाही.

आपल्याकडे वेडं भांडं नवीन आहे असं कुणी म्हटलं तर मी त्यांना इनामगाव सांगते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी, साधारण ३६०० ते २७०० वर्षांपूर्वीची वस्ती, डेक्कन कॉलेजनं खणून काढली. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर, त्याच्या अंगणात एक माणूस पुरलेला सापडला, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला. चार पायांचा रांजण! तेव्हाच्या रोजच्या वापरातल्या रांजणाला पायांची काय गरज. कुणीतरी बसलं असेल, इतक्या वजनाला पाय कसे पेलतील याचा विचार केला असेल, एका माणसासाठी असा आकार केला असेल जो दुसऱ्या कुणासाठी केला नसता. गमतीचं भांडं नाही ते, अजिबात नाही. पण नेहमीचा आकार मोडण्यामागे एक विशिष्ट माणूस होता, एवढं मला त्यात दिसतं.

आणि तेर. गोरोबाकाकांचं गाव. त्यांच्या थापटण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली, संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण भाजलेलं कोण कच्चं ते सांगितलं आणि नामदेव कच्चे निघाले. त्याच तेरला सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आणि खेळणी सापडलीत, तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहेत. मी मराठवाड्यात गेले की मुद्दाम तिथे जाते. देव-देवता झाल्याच, पण खेळणी! दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बाप किंवा मामा मुलासाठी वेळ काढत होता.

वेळ, हा खरा प्रश्न आहे आणि तो टाळून हे लिहिणं मला बरोबर वाटत नाही. आम्ही माती आणि भट्टीसाठी पैसे देऊन खेळतो. धारावीचा कुंभारवाडा आमच्या स्टुडिओपासून किती लांब, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. सौराष्ट्रातून आलेली प्रजापती कुटुंबं, आधी दक्षिण मुंबईत होती, शहर वाढलं तसं त्यांना सरकवत सरकवत १९३० च्या आसपास धारावीत आणलं. पुढे घर, मागे चाक, मधे सामायिक भट्ट्या, चिंध्या नि कापसाचा कचरा जाळून चालवलेल्या. उन्हाळ्यात माठ, नवरात्रात गरब्याचे घट, मग पणत्याच पणत्या. तिथे एका भाईंकडून आम्ही लाल माती आणतो. काकांनी त्यांना वासुदेव प्याला दाखवला तर त्यांनी पाणी मागितलंच नाही, उलटा केला, तळातल्या भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले आतला सांधा जाड ठेवलाय, पुढच्या वेळेला पातळ करा म्हणजे चिरणार नाही. एका बोटात सगळं वाचलं. मग पाणी ओतून पाहिलं आणि आतून मुलाला हाक मारली, "आ जो!" म्हणजे हे बघ. त्यांना विचारलं तुम्ही करता का असलं काही, तर म्हणाले आजोबा करायचे, तळातून भरायचा लोटा, म्हणजे पालथा धरून बुडाच्या भोकातून भरायचा आणि सुलटा केला तरी आतल्या नळीमुळे सांडत नाही असा, लग्नात नवरदेवाची फजिती करायला. आता कोण करणार, पणत्यांची ऑर्डर कोण भरणार.

हे मला पटतं आणि दुखतंही. आमच्याकडे खेळायला वेळ आहे आणि हात अजून तयार नाहीत, त्यांच्याकडे तो हात आहे. भाईंदरच्या ब्रह्मदेव राम पंडितांसारखी माणसंही आहेत, बिहारच्या कुंभार घरातून आलेले, मुंबईत येऊन काम केलं आणि २०१३ मधे पद्मश्री झाले, पण ती एखादी वाट. शहरानं खेळाचे पैसे कुंभाराला दिले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. माठाचे देता तसे नाही, खेळाचे वेगळे. जे. जे. मधे १८७० च्या दशकात जॉर्ज टेरींनी पॉटरी सुरू केली, अजिंठ्याची चित्रं रंगवलेले सुंदर फुलदाण्या-कलश तिथे झाले, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहात ते आहेत. मला ते आवडतात. पण चित्र अजिंठ्याचं आणि भांडं अगदी शहाणं, शिस्तीत उभं. कुंभाराला तेव्हाही कुणी विचारलेलं दिसत नाही की बाबा रे, तुझ्या मनात काय आकार आहे.

म्हणून यंदा आम्ही एक ठरवलंय. संक्रांतीला बाईंच्या सोसायटीत हळदीकुंकू मोठं असतं आणि वाण म्हणून दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे किंवा चाळण्या वाटल्या जातात. या वेळी वाण मातीचं. तळातून भरायचा लोटा, धारावीच्या भाईंच्या आजोबांचा, छोट्या साइझमधे. भाई आणि त्यांचा मुलगा चाकावर ओढणार, त्यांनी सांगितलेल्या भावात, आम्ही घासाघीस केलेली नाही आणि अर्धे पैसे आधी दिलेत. आतली नळी बसवायला आम्ही सगळे दोन रविवार धारावीत जाणार, नळीची उंची भाई सांगतील तीच, काकांनी तक्ता केलाय तरी. भाजणी पणत्यांचा सीझन संपल्यावर त्यांच्याच भट्टीत. लाल मातीला पाणी झिरपतं, तर आतून काही लावायचं का यावर अजून वाद चालू आहे, मुलगा म्हणतो नको, झिरपू दे, थंड राहील.

सोसायटीतल्या दोघी-तिघींनी विचारलंय की भरलेला लोटा सुलटा करायला सांगणार आणि कुणाची पैठणी भिजली म्हणजे? बाईंनी त्यांना सांगितलं, नीट केलेला असेल तर थेंब पडणार नाही, पहिला मी माझ्याच पैठणीवर सुलटा करून दाखवते. काकूंनी, म्हणजे काकांच्या मिसेसनी, लगेच दहा जास्त सांगितलेत, त्यांच्या भिशीसाठी.